पेटुनियाआडची निळी पाटी

ग्रॅहमचा फोन आला तेव्हा मी फुटपाथवर मान वर करून उभी होते आणि वरून माझ्या चष्म्यावर पाणी ठिबकत होतं.

"सुनंदा, पाटी दिसतेय ना?" त्यानं विचारलं. ग्रॅहम म्हणजे कौन्सिलमधला, इथल्या नगरपालिकेतला, माझा बॉस.

"पाटी आहे," मी म्हटलं.

"आहे ते मलाही माहितीये. दिसतेय का?"

मी थोडी डावीकडे सरकले. मग उजवीकडे. मग रस्ता ओलांडून समोरच्या चिप्सच्या दुकानापाशी गेले आणि तिथून बघितलं. गुलाबी पेटुनिया दिसत होते. जांभळे पेटुनिया दिसत होते. त्यांच्यातून खाली सोडलेल्या बारीक पांढऱ्या फुलांच्या झिरमिळ्या दिसत होत्या. त्या सगळ्याच्या मागून एका पितळी चौकटीचा कोपरा डोकावत होता, आणि त्या कोपऱ्यात निळ्यावर पिवळा असा एकच तारा होता. बारांपैकी एक.

"एक तारा दिसतोय," मी म्हटलं.

फोनवर जरा वेळ काहीच आवाज आला नाही. इंग्लिश माणूस गप्प बसला की समजायचं, आता तो 'ओह डिअर' म्हणणार.

"ओह डिअर," ग्रॅहम म्हणाला.

आता हे एका ताऱ्याचं एवढं काय, ते सांगते. आधी मी तिथे कशी, ते थोडक्यात. थोडक्यात सांगणं मला जमत नाही असं आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, म्हणतात, पण प्रयत्न करते.

आमचे डॉक्टर भूल देणारे. सत्तरच्या दशकात त्यांना इंग्लंडातल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही केंटच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात आलो. बाकीची मराठी मंडळी लंडनच्या आसपास, हॅरोत, इल्फर्डमध्ये, स्लाऊमध्ये. आम्ही समुद्राच्या तोंडाशी. स्वच्छ हवा असली की पलीकडचा फ्रान्स दिसायचा. मुलगी शाळेत जायला लागली तशी मी लायब्ररीतल्या पुस्तकावरून टायपिंग शिकले आणि कौन्सिलच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. डिग्री माझ्याकडे कसलीच नाही. पण समोर आलेला कागद शेवटपर्यंत वाचायची मला खोड आहे. ऑफिसात ही खोड फारच थोड्यांना असते, त्यामुळे हळूहळू सगळे कंटाळवाणे कागद माझ्याच टेबलावर यायला लागले. त्यांत सगळ्यांत कंटाळवाणे कागद युरोपचे. असं करत करत मी 'युरोपियन प्रोजेक्ट्स ऑफिसर' झाले. फ्रेंच शिकले ती लायब्ररीतल्या कॅसेटवरून, पोळ्या लाटता लाटता. त्यामुळे माझ्या फ्रेंचला एक लाटण्याचा ठेका आहे, असं मला पुढे एका फ्रेंच बाईनंच सांगितलं.

काम काय होतं? युरोपातल्या शेजारी देशांच्या सीमेवरची गावं एकत्र येऊन काही कामं करत. दोन्हीकडचे प्रश्न सारखेच, तर उपायही मिळून शोधा, अशी कल्पना. आमच्या आणि फ्रान्सच्या मधली सीमा म्हणजे समुद्र, पण चालतं. एका बाजूचं गाव पुढाकार घेतं, त्याला 'लीड पार्टनर' म्हणायचं. थोडा खर्च गावांनी करायचा, थोडा युरोपच्या निधीतून यायचा. मी ज्या दिवसांबद्दल सांगतेय, दोन हजार चार-पाचच्या सुमाराचे, तेव्हा आमचं एक फ्रेंच गाव आणि एक बेल्जियममधलं गाव असं त्रिकुट होतं. लीड पार्टनर आम्ही.

तिन्ही गावांचं दुखणं एकच. समुद्राखालून बोगदा झाला, पलीकडे प्रवासी नेणाऱ्या बोटींवरची ड्यूटी-फ्री, म्हणजे करमाफ, दुकानं बंद झाली आणि बोटींवर स्वयंपाक करणाऱ्या, वाढणाऱ्या, धुणीभांडी बघणाऱ्या कितीतरी बायका घरी बसल्या. पन्नाशीच्या बायका. सगळं आयुष्य हलत्या जमिनीवर हजार माणसांचं जेवण रांधलेल्या. त्यांना कोण नोकरी देणार? म्हणून आम्ही तिन्ही गावांत एकेक ट्रेनिंग किचन काढलं. दुपारी तिथे स्वस्तात जेवण मिळायचं, बायका शिकायच्या, सर्टिफिकेट मिळवायच्या आणि अधूनमधून एकमेकींच्या गावी जाऊन काम करायच्या. आमच्या बायका पलीकडे जाऊन सॉस शिकल्या. पलीकडच्या आमच्याकडे येऊन कस्टर्ड शिकल्या आणि ते आपल्या घरी कुणाला सांगू नका म्हणाल्या.

आमच्या किचनची मुख्य होती ब्रेंडा. वीस-बावीस वर्षं बोटीवरच्या किचनात काढलेली. आवाज भोंग्यासारखा, दंड माझ्या मांडीएवढे. भाजीची पुरी टोपली एका हातानं उचलायची आणि दुसऱ्या हातानं कुणाच्या तरी पाठीत धपाटा घालायची. नवरा पाठदुखीनं घरी बसलेला, त्यामुळे घर हिच्या पगारावर. पहिल्या टप्प्याची मुदत त्या वर्षाअखेर संपत होती. दुसरा टप्पा मंजूर झाला तर ब्रेंडाची नोकरी आणि तिच्या बायकांचं किचन पुढे चालू. नाही झाला तर नाताळात कुलूप. इतकं सरळ होतं ते.

आणि दुसरा टप्पा मंजूर व्हायचा तर आधी एक पाहणी नीट पार पडायला हवी होती. या निधीच्या फ्रान्समधल्या सचिवालयातून मादाम ड्युबुआ नावाच्या बाई येणार होत्या. त्या तिन्ही किचनं बघणार, आणि त्यांचा रिपोर्ट चांगला आला तरच आमचा अर्ज वरच्या कमिटीपुढे जाणार. मादामना जेवण कसं आहे, बायका किती शिकल्या हे तर बघायचं असतंच. पण एक नियम त्यांचा फार आवडता. युरोपच्या निधीतून उभ्या राहिलेल्या जागेवर, लोकांना सहज दिसेल अशी, युरोपच्या बारा ताऱ्यांच्या निळ्या झेंड्याची पाटी हवी. सहज दिसेल अशी. आदल्या वर्षी दुसऱ्या एका प्रोजेक्टची पाटी त्यांना झाडूच्या कपाटात सापडली होती. त्या प्रोजेक्टचा अर्ज अजून कुठेतरी पडून आहे, असं ऐकत होतो.

आमची पाटी कपाटात नव्हती. दाराच्या वर, अगदी मधोमध होती. ती आम्ही फेब्रुवारीत लावली तेव्हा छान दिसत होती. पाटीच्या वर एक लोखंडी ब्रॅकेट होतं, त्याला हूक. फेब्रुवारीत त्या हुकाला काहीच नव्हतं. हूक कशाला आहे, असा प्रश्न कुणालाच पडला नाही.

जूनमध्ये कळलं कशाला आहे ते.

इंग्लंडातली गावं उन्हाळ्यात फुलांच्या स्पर्धेत उतरतात. ज्यांनी बघितलं नाही त्यांना खरं वाटणार नाही, पण आपल्याकडे गणपतीच्या आराशीवरून मंडळांमध्ये जी चुरस असते ना, तशीच. दिव्याच्या खांबांना टोपल्या, खिडक्यांना टोपल्या, पबच्या दारावर टोपल्या. परीक्षक येतात, हातात पॅड घेऊन रस्त्यारस्त्यानं फिरतात. आमच्या गावाच्या फुलांच्या कमिटीचा अध्यक्ष होता कौन्सिलर डेरेक. कौन्सिलर म्हणजे निवडून आलेला, आपल्या नगरसेवकासारखा. आणि हाच डेरेक ज्या कमिटीकडे आमचं किचन होतं तिचाही अध्यक्ष. निवृत्त बँक मॅनेजर, बूट नेहमी चकचकीत. त्याला युरोप अजिबात आवडत नसे. "आपलेच पैसे आपल्याला परत देतात आणि वर थँक यू म्हणायला लावतात," हे त्याचं आवडतं वाक्य. पण किचनच्या बाजूनं त्यानं मत दिलं होतं, हेही खरं.

त्यानं जूनमध्ये टोपली लावली तेव्हा ती एवढीशी होती. पाटी स्वच्छ दिसायची. मग चांगलं ऊन पडलं, वेळेवर पाऊस पडला, आणि जुलैपर्यंत त्या टोपलीचं जंगल झालं. मुद्दाम केलं का? ग्रॅहमला वाटायचं मुद्दाम. मला वाटतं, रोपटी वाढतात.

ग्रॅहमला 'एक तारा' सांगून मी ऑफिसात आले आणि आधी मादामना फोन लावला. म्हटलं, पाहणी आठवडाभर पुढे ढकलता येईल का?

"पुढच्या आठवड्यात ऑगस्ट आहे," मादाम म्हणाल्या.

"हो."

"ऑगस्टमध्ये मी नाही. कुणीच नाही." ऑगस्टमध्ये सगळा फ्रान्स सुट्टीवर असतो; मी जणू बाईंना रात्रीच्या सूर्याबद्दल विचारलं होतं. "सप्टेंबरमध्ये तुमच्या अर्जाची तारीख निघून जाईल. तेव्हा येत्या शुक्रवारी. काही अडचण आहे का?"

"छे, छे," मी म्हटलं. "अडचण कसली?"

फुलांचे परीक्षक कधी येणार? मी चौकशी केली. येत्या शुक्रवारी.

त्या संध्याकाळी हॅरोहून मुलीचा फोन आला. मीरा इथेच जन्मलेली. मराठी बोलते, पण घाईत. मी तिला सगळं रामायण सांगितलं.

"आई, कात्री घे आणि कापून टाक ना. व्हॉट्स द बिग डील?"

"अगं, लोकांनी लावलेली फुलं अशी कशी कापायची?"

"देन हलव तो टोपली."

"ती टोपली."

"आई! माझा मीटिंग आहे सकाळी. तू डेरेकला सरळ विचार. ही इज अ ग्रोन मॅन."

तिचं म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी डेरेकला गाठलं. कौन्सिलच्या मागे एक काचघर होतं, तिथे तो फुलांना पाणी घालत होता. टाय वगैरे लावून.

"डेरेक, किचनच्या दारावरची टोपली शुक्रवारपुरती काढता येईल का?"

"शुक्रवारी?" त्यानं झारी खाली ठेवली. "शुक्रवारीच ती तिथे हवी. परीक्षक त्याच रस्त्यानं येणार आहेत. त्या रस्त्यावरची सगळ्यांत चांगली टोपली आहे ती."

"मग थोडी छाटू या? पुढची बाजू फक्त."

मी त्याच्या मुलाचे केस कापायचं विचारल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही कधी पेटुनिया वाढवलेत का?"

"नाही."

"मग असू दे."

"पण पाटी दिसली नाही तर दुसरा टप्पा अडकेल, डेरेक. किचन बंद होईल."

"एका पाटीसाठी किचन बंद करणारे लोक कसले, हा विचार तुम्ही त्यांना करायला सांगा," तो म्हणाला. "मी तीन वर्षं या स्पर्धेसाठी राबतोय. गेली दोन्ही वर्षं रौप्य मिळालं. या वर्षी सुवर्ण मिळू शकतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आय ॲम सॉरी, सुनंदा. रिअली." आणि झारी उचलली.

मी ग्रॅहमला म्हटलं, टोपली राहू दे, आपण पाटीच हलवू. बाजूच्या भिंतीवर लावू. ग्रॅहमनं डोकं धरलं. आमचं किचन होतं ती इमारत 'लिस्टेड'. म्हणजे जुनी, जपायची म्हणून सरकारी यादीत घातलेली. तिच्यावर खिळा ठोकायचा तरी आधी परवानगी घ्यावी लागते आणि परवानगीला महिने लागतात. पाटीसाठी आम्ही ती रीतसर घेतली होती, त्याच जागेसाठी. दुसरी जागा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

पण हे शोधता शोधता ग्रॅहमला आणखी एक गोष्ट सापडली. तो माझ्या टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला आणि अगदी खूश होऊन कुजबुजला, "त्या ब्रॅकेटला परवानगी नाहीये."

"कुठल्या?"

"डेरेकच्या. टोपलीच्या. पाटीला आहे, ब्रॅकेटला नाही. कुणी कधी मागितलीच नाही. लिस्टेड इमारतीवर बेकायदा ब्रॅकेट, आणि लावणारा कोण, तर कमिटीचा अध्यक्ष! सुनंदा, एक ईमेल पाठवला तर उद्या सकाळी ते ब्रॅकेट खाली येईल."

खरं सांगते, मलाही क्षणभर गुदगुल्या झाल्या. मग घरी जाऊन आमच्या डॉक्टरांना सांगितलं. ते पेपर वाचत होते.

"अहो, काय करू?"

"ब्रॅकेट खाली येईल," ते पेपरातून वर न बघता म्हणाले. "मग ऑक्टोबरमध्ये तुमच्या दुसऱ्या टप्प्याला कौन्सिलचा वाटा द्यायचा की नाही, हे कोण ठरवणार?"

"डेरेकची कमिटी."

"बरं." आणि पान उलटलं.

म्हणजे नियम माझ्या बाजूनं होता, पण तो वापरला असता तर शुक्रवार जिंकून मी ऑक्टोबर हरले असते. मी ग्रॅहमला म्हटलं, ईमेल नको. तो हिरमुसला. "मग तुझ्याकडे दुसरं काय आहे?" त्यानं विचारलं.

माझ्याकडे एकच गोष्ट होती. इतकी वर्षं या लोकांत राहून मला एक कळलं होतं. इंग्लिश माणूस कमिटीत बसून काहीही ठरवू शकतो. 'खेदानं कळवण्यात येतं' असं लिहूही शकतो. पण ज्याचं नुकसान होणार त्याच्या समोर बसून, त्याच्या हातचं जेवत, ते तोंडानं सांगणं त्याला जमत नाही. आपण तोंडावर भांडून मोकळे होतो, यांना तेच अवघड.

मी डेरेकला फोन केला. "बुधवारी दुपारी किचनमध्ये जेवायला या. ब्रेंडाला मी काही सांगितलेलं नाही. तुमच्या तोंडून कळलं तर बरं."

त्यानं विचारलं, "काय कळलं तर?"

"हेच. पाटी, शुक्रवार, आणि नाताळनंतर काय होईल ते. तुम्ही अध्यक्ष आहात. मी कोण सांगणारी?"

नाही म्हणता येईना म्हणून तो हो म्हणाला.

बुधवारी तो आला. बूट चकचकीत, पण आत शिरताना वरच्या टोपलीकडे बघितलं नाही हे माझ्या लक्षात आलं. मी त्याच्याबरोबर कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. माझ्यासाठी ब्रेंडा नेहमी वेगळं काही करायची, कारण मी शाकाहारी. माशांच्या गावात राहून मासे न खाणारी बाई म्हणून मी तिच्यासाठी एक कायमचा विनोद होते. डेरेकपुढे तिनं फिश पाय, म्हणजे माशांवर बटाट्याचा थर देऊन भाजलेला पदार्थ, ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कसा आहे, डेरेक?"

"उत्तम," तो म्हणाला. खरंच उत्तम असणार, कारण तो भराभर खात होता.

"सुनंदा म्हणाली तुला माझ्याशी बोलायचंय."

डेरेकनं काटा ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायला लागले. मुद्दाम सावकाश.

"शुक्रवारी ती फ्रेंच बाई येतेय," तो म्हणाला.

"माहितीये. तिच्यासाठी लिंबाचं टार्ट करतेय. फ्रेंच बाईला टार्ट खाऊ घालायचं म्हणजे डेरिंगच की नाही?"

"ब्रेंडा, तुझ्या दारावर एक पाटी आहे..."

"होती," ब्रेंडा म्हणाली. "आता तुझी फुलं आहेत. मी काय आंधळी आहे? रोज दार मी उघडते." मग तिनं समोरची खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. तिचा आवाज एरवीपेक्षा खाली आला. तसा मी तो आधी कधी ऐकला नव्हता. "बघ, डेरेक. बोटीवरून काढलं तेव्हा मला पत्र आलं. माझ्याबरोबरच्या सगळ्यांना आलं. छापील, नाव वरून चिकटवलेलं. तेव्हा मी म्हटलं होतं, पुन्हा कुणी मला घरी पाठवलं तर त्यानं ते माझ्या तोंडावर सांगावं. तू तेच सांगायला आलायस का?"

आजूबाजूच्या टेबलांवरचे आवाज जरा बसले. डेरेकचे कान लाल झाले.

"तसं कुणी म्हणत नाहीये," तो म्हणाला.

"मग काय म्हणतायत?"

"सुवर्णपदक मिळेल असं वाटतंय," तो म्हणाला. बिचाऱ्याच्या तोंडून तेच निघालं.

ब्रेंडा त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली. "स्पंज केक घेणार की टार्ट?"

"स्पंज," डेरेक म्हणाला.

"कस्टर्ड घालून?"

"प्लीज."

त्यानं स्पंज संपवला, बशी स्वतः उचलून खिडकीशी नेऊन ठेवली आणि गेला. काहीही न ठरवता. ग्रॅहम म्हणाला, "झालं तुझं जेवण? आता ईमेल करू?" मी नको म्हटलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करते. वाटलं, मी फार शहाणपणा केला. कुणाला शरमिंदं करून त्याच्याकडून काही मिळतंच असं नाही.

शुक्रवार उजाडला. ऊन पडलं होतं. टोपली तिथेच होती, आदल्या संध्याकाळी पाणी घातलेली, आणखीच भरघोस. दोन्ही पाहुण्यांची वेळ सकाळचीच होती. मादाम आल्या, उंच, शिडशिडीत, गळ्यात कॅमेरा. मी माझ्या लाटण्याच्या ठेक्यात त्यांचं स्वागत केलं. त्या आत गेल्या, भट्ट्या बघितल्या, बायकांशी बोलल्या, सर्टिफिकेटं बघितली. टार्टची बशी रिकामी केली आणि "ठीक आहे" म्हणाल्या. ब्रेंडानं मला कोपरानं ढोसलं. फ्रेंच बाईकडून 'ठीक आहे' म्हणजे टाळ्याच.

मग मादामनी कॅमेरा हातात घेतला. "आणि पाटी?"

"बाहेर," मी म्हटलं.

आम्ही बाहेर आलो. मादाम, ग्रॅहम, मी, मागून ब्रेंडा आणि ॲप्रनमधल्या दोघी-तिघी. मादामनी वर बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत. भुवया मात्र बोलल्या.

"ती तिथे आहे," ग्रॅहम म्हणाला आणि बोट दाखवलं. "मागे."

"मला फुलं दिसतायत," मादाम म्हणाल्या.

"सुंदर आहेत ना?" ग्रॅहम म्हणाला. ग्रॅहमचं डोकं कधीकधी असं जातं.

मादामनी कॅमेरा खाली केला आणि खिशातून पेन काढलं. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून डेरेक आला. चालत नाही, जवळजवळ पळत. सूट, टाय, चकचकीत बूट, आणि हातात घडीची शिडी. त्यानं शिडी दारापाशी लावली, दोन पायऱ्या चढला, दोन्ही हातांनी ती टोपली हुकावरून उचलली आणि छातीशी धरून खाली उतरला. केवढं ओझं ते! पाण्यानं भिजलेली माती, वरती सगळं जंगल. तो फुटपाथवर उभा राहिला, चेहरा अर्धा पेटुनियांत बुडालेला, आणि सुटाच्या पुढच्या भागावरून तपकिरी पाणी ओघळत बुटांवर पडत होतं.

"घ्या तुमचा फोटो," तो म्हणाला.

पाटी लख्ख दिसत होती. बाराच्या बारा तारे. मादामनी फोटो काढला. मग एक जवळून, आणि एक आमच्या सगळ्यांसकट, टोपलीसकट.

आणि त्याच वेळी कोपऱ्यावरून फुलांचे परीक्षक वळले. एक बाई आणि एक गृहस्थ, हातात पॅड. ते आमच्यासमोर येऊन थांबले. त्यांनी रिकाम्या हुकाकडे बघितलं. मग टोपली कवटाळून उभ्या असलेल्या कमिटीच्या अध्यक्षाकडे बघितलं.

मी डेरेककडे बघत होते. त्या क्षणी तो 'यांच्यामुळे' म्हणून आमच्याकडे बोट दाखवू शकला असता. नियम, युरोप, फ्रेंच बाई, सगळं त्याच्या जिभेवर तयारच असायचं नेहमी.

"पाणी घालत होतो," डेरेक म्हणाला.

परीक्षक बाईंनी त्याच्या बुटांकडे बघितलं. "असं दिसतंय खरं," त्या म्हणाल्या, आणि पॅडवर काहीतरी लिहिलं.

ब्रेंडा पुढे झाली, एका हातानं ती टोपली त्याच्याकडून घेतली, शिडी चढली आणि जागच्या जागी लावली. "आत ये, बघू," ती त्याला म्हणाली. "ते कपडे पुसून देते. असा बायकोपुढे कसा जाशील?" आणि त्याला दंडाला धरून आत नेलं. तो गेला. मादाम मला म्हणाल्या, "तुमचे अध्यक्ष प्रोजेक्टला फार जिव्हाळ्यानं पाठिंबा देतात." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढे सगळं कागदावर जसं व्हायचं तसं झालं. मादामच्या रिपोर्टात आमच्या पाटीबद्दल एकही तक्रार नव्हती. अर्ज वर गेला आणि मंजूर झाला. ऑक्टोबरमध्ये कमिटीत कौन्सिलच्या वाट्याचा विषय निघाला तेव्हा डेरेक उभा राहिला. युरोप म्हणजे कसा कटकटीचा कारभार आहे, यावर चांगलं लांबलचक बोलला. ग्रॅहमनं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. मग डेरेक म्हणाला, "पण ते किचन आपलं आहे," आणि सगळ्यांत आधी हात वर केला. नाताळात कुलूप लागलं नाही. ब्रेंडा पुढची काही वर्षं, तिच्या निवृत्तीपर्यंत, तिथेच होती.

फुलांचं? रौप्य. लागोपाठ तिसऱ्यांदा. डेरेकनं मला त्याबद्दल कधी काही ऐकवलं नाही, पण त्याची बायको मला सुपरमार्केटमध्ये भेटली की अजून जरा कमी हसते.

त्या ब्रॅकेटला ग्रॅहमनं गुपचूप रीतसर परवानगी काढून दिली, दाराच्या बाजूला, पाटीपासून चांगलं दूर. महिने लागले. मला त्याबद्दल कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मी निवृत्त व्हायच्या आधी ऑफिसात नव्या मुली यायच्या, डिग्र्या घेतलेल्या, हुशार. युरोपच्या नियमांबद्दल त्यांना मी काय सांगणार, त्या सगळं कॉम्प्युटरवर वाचून यायच्या. मी त्यांना एवढंच सांगायची की पाटी फेब्रुवारीत लावू नका. जूनपर्यंत थांबा. तोवर कळतं, गावात काय कुठे वाढतं ते.